पैसा ओतला की बंदूक गप्प बसते का?

विभाग: चावडी
धागाकर्ता: गंगापूररोडकर | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.४०

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा पाच-सहा म्हाताऱ्यांचा कंपू आहे. चालणं दोन फेऱ्या, बोलणं दहा फेऱ्यांचं. गेल्या महिन्यात नक्षली नेता भूपतीने साठ जणांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हापासून एकच वाद रंगलाय. एक मित्र म्हणतो, ‘रस्ते झाले, टॉवर झाले, या जानेवारीत गर्देवाड्याला एसटी गेली. संपलं. हेच चाळीस वर्षांपूर्वी केलं असतं तर एवढी माणसं मेली नसती.’ दुसरा देवळालीतून निवृत्त झालेला फौजी. त्याचं म्हणणं, ‘आधी सी-६०, म्हणजे गडचिरोली पोलिसांचं कमांडो पथक गेलं, मग एसटी गेली. क्रम उलटा लावू नकोस.’

मी पोटापाण्यासाठी पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून दोघांनीही माझ्याकडे बघितलं. वाचून सांगतो म्हणालो. वाचलं, आणि आता दोघांनाही तोंड दाखवायची सोय उरली नाही. म्हणून इथे लिहितोय.

भाबडा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. माणूस उपाशी, म्हणून चिडलेला, म्हणून त्याच्या हातात बंदूक. पोट भरा, बंदूक सुटेल. इराकमध्ये अमेरिकी सैन्याने असाच काहीसा विचार करून कमांडरांच्या हातात थेट पैसा दिला. विहीर दुरुस्त कर, शाळेवर छप्पर घाल, गटार उपस. बर्मन, शापिरो आणि फेल्टर यांनी २०११ साली त्या खर्चाचा आणि हल्ल्यांचा जिल्हावार ताळा मांडला. खर्च झाला तिथे हल्ले घटले, पण मुख्यतः २००७ नंतर, म्हणजे जादा फौज वस्त्यांमध्येच मुक्काम करू लागल्यावर. छोटी कामं मोठ्या कामांपेक्षा जास्त उपयोगी पडली. आणि कारण त्यांनी वेगळंच दिलं. लोकांचा राग निवला म्हणून नव्हे, तर लोक माहिती देऊ लागले म्हणून हल्ले घटले. सुरुंग कुठे पुरलाय हे गावाला ठाऊक असतं. गाव ते सांगतं का, एवढाच प्रश्न.

इथवर पहिला मित्र खूश. पुढे फिलिपिन्स. तिथे २००३ पासून जागतिक बँकेच्या मदतीने कलाही-सिड्स नावाची योजना चालली. गावाने बसायचं, काय हवं ते ठरवायचं, त्यासाठी पैसा मिळणार. आपल्या ग्रामसभेचीच चुलत बहीण. निवडलेल्या प्रांतांतल्या सर्वांत गरीब पाव हिश्श्यातल्या तालुक्यांनाच ती लागू होती. क्रॉस्ट, फेल्टर आणि जॉन्स्टन यांनी २०१४ साली दाखवून दिलं की रेषेच्या जेमतेम आत बसलेल्या तालुक्यांत संघर्षातले बळी वाढले. तेही काम चालू झाल्यावर नव्हे, मुख्यतः तयारीच्या बैठका चालू असताना! याच तिघांनी नंतर दुसऱ्या योजनेचा अभ्यास केला. मुलं शाळेत पाठवा, तपासणीला दवाखान्यात जा, पैसे थेट घरात. तिथे मात्र हिंसा घटली. देश तोच, बंडखोर तेच.

आपल्याकडची रोहयो, म्हणजे केंद्राची रोजगार हमी योजना घ्या. खन्ना आणि झिमरमन म्हणतात, योजना आल्यावर नक्षलग्रस्त जिल्ह्यांत सुरुवातीला हिंसा वाढली. दासगुप्ता, गावंडे आणि कपूर म्हणतात, घटली, पण आंध्रासारख्या जिथे प्रशासनाला ती धड राबवता आली तिथेच. दोन्ही निबंध २०१७ चे. त्याच साली झुर्शर यांनी जगभरच्या १९ अभ्यासांची बेरीज केली, तर संघर्षक्षेत्रात मदतीने हिंसा घटण्यापेक्षा वाढण्याकडेच कल जास्त. घटते ती जिथे आधीच बऱ्यापैकी सुरक्षितता असते तिथे.

म्हणजे मित्र क्रमांक दोन जिंकला? मला तसंही वाटत नाही. तुमचं काय म्हणणं?

---

मिसळ_आणि_मठ्ठा | २२ नोव्हेंबर, १०.०५

सर, कुंभमेळ्याचा निधी नाशकात येतोय तर इथेही तयारीच्या बैठकांतच मारामाऱ्या चालू आहेत. फिलिपिन्सला कशाला जाता?

(पळतो.)

---

आकडेमोड | २२ नोव्हेंबर, ११.३०

सरांनी ‘रेषेच्या जेमतेम आत’ हे शब्द भर्रकन टाकलेत, पण सगळी मेख तिथेच आहे. थोडं उलगडतो.

सरकार पैसा कुठे पाठवतं? जिथे धुमसतंय तिथे. मग आकडे सरळ जुळवले तर पैसा जास्त तिथे हिंसा जास्त असं दिसणारच. बंब आला म्हणून आग लागली असं म्हणण्यासारखं. उलटंही होतं. अधिकारी हुशार असेल तर शांत गाव बघून काम मंजूर करतो आणि वर कळवतो, बघा, आमच्या कामामुळे शांतता.

यातून सुटायचं कसं? अकरावीच्या प्रवेशयादीचा विचार करा. कट-ऑफ ९०.२ ला लागला. ९०.२ वाला आत, ९० वाला बाहेर. दोघांच्या अकलेत काडीचा फरक नाही, पण एकाला ते कॉलेज मिळालं आणि एकाला नाही. पुढे दोघांत फरक पडला तर तो बहुतेक कॉलेजमुळे. क्रॉस्ट मंडळींनी गरिबीच्या क्रमवारीवर हेच केलं. खन्ना-झिमरमन यांनीही तेच, कारण रोहयो २००६ च्या फेब्रुवारीत पहिल्या २०० जिल्ह्यांत आली ती मागासपणाच्या क्रमवारीनेच. गडचिरोली त्या पहिल्या २०० त होता.

पण यातही खाचखळगे आहेत. २०१४ साली नन आणि च्यान यांचा निबंध गाजला होता: अमेरिकेचा गहू मदत म्हणून गेला की गरीब देशांतली यादवी लांबते. पुढे ख्रिश्चन आणि बॅरेट यांनी त्याच पद्धतीतली भोकं दाखवली. त्यामुळे एका निबंधावर पक्ष मांडू नये, एवढंच.

---

तोफखाना_देवळाली | २२ नोव्हेंबर, दुपारी १.१५

तो ‘मित्र क्रमांक दोन’ मीच. सरांनी माझं म्हणणं अर्धंच लिहिलंय.

मी राजौरी-पूंछमध्ये होतो. सैन्याची सद्भावना मोहीम १९९८ पासून चालू आहे, शाळा, वैद्यकीय शिबिरं, पाण्याच्या टाक्या. शिबिर लावलं की पहिल्या दिवशी म्हातारी माणसं येतात. दुसऱ्या दिवशी बायका मुलं घेऊन येतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादा माणूस डॉक्टरला पाठ दाखवताना हळूच म्हणतो, वरच्या ढोकात (गुराख्यांच्या झोपडीत) परवा चार जण जेवून गेले. हे सगळं कधी होतं? आपली चौकी तिथून हलणार नाही याची त्याला खात्री पटल्यावर. पोस्ट मागे घेतली की तो माणूस उघडा पडतो. म्हणून मी म्हणतो, आधी चौकी.

आणि मोठ्या प्रकल्पांचं सांगू? २००८ साली अफगाणिस्तानातल्या हेल्मंदमध्ये काजाकी धरणाची जनित्र टर्बाइन पोचवायला ब्रिटिशांनी हजारोंची फौज लावली. सुमारे २२० टन सामान, शंभरावर गाड्यांचा ताफा, वाटेत लढाया. टर्बाइन पोचली. तिच्या पायाला लागणारं सिमेंट पोचवता येईना, कारण रस्ता रोज कोण राखणार? ती तशीच पडून राहिली, बसवली ती २०१६ साली. एक दिवस रस्ता जिंकणं वेगळं आणि रस्ता रोज आपला असणं वेगळं.

---

सुरगाण्याची_लेक | २२ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

दोन्ही काकांना नमस्कार. मी सुरगाणा तालुक्यातली, आता नाशिकला शिक्षिका. रागावू नका, पण धाग्यात आदिवासी माणूस येतो तो एकतर पोट भरून गप्प बसणारा किंवा पाठ दाखवताना खबर देणारा. त्याला स्वतःचं काही म्हणणं असतं की नाही?

पेठ-सुरगाण्यात गरिबी कमी आहे का? उन्हाळ्यात बाया खोल विहिरीत उतरतात त्याचे व्हिडिओ दरवर्षी तुम्हीच एकमेकांना पाठवता. डोंगर आहे, जंगल आहे, वनखात्याशी भांडण आहे. बंदूक का नाही? कारण आमच्याकडेही लाल बावटा आला, पण तो मोर्च्याचा आला. वारल्यांचा १९४५ चा उठाव, गोदूताई, नंतर किसान सभा, जे. पी. गावीत. २०१८ च्या मार्चमध्ये माझे मामा-मामी याच नाशिकमधून १८० किलोमीटर चालत आझाद मैदानावर गेले, सोललेल्या तळव्यांनी. मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून रात्री चालून पहाटे मैदान गाठलं. सरकारने लेखी आश्वासन दिलं. पाळलं किती हा वेगळा धागा होईल. पण दार वाजवलं तर कुणी उघडतं एवढा अनुभव तरी आहे.

आता उलटी बाजू ऐका. २०१० साली केंद्राने नक्षलग्रस्त ६० जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा आणला. पहिल्या वर्षी जिल्ह्याला २५ कोटी, दुसऱ्या वर्षी ३० कोटी. खर्च ठरवणार कोण? जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी. गडचिरोली-गोंदियाला मिळाले, मिळायलाच हवे होते. आमच्या वाट्याला असं काही नाही, कारण आम्ही कुणाला मारलं नाही. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरची गावं म्हणाली, आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या. तेव्हा कुठे अधिकाऱ्यांच्या गाड्या डोंगर चढल्या. या राज्यात गावाकडे लक्ष वेधायचे दोनच खात्रीचे मार्ग दिसतात, बंदूक नाहीतर राज्य सोडण्याची धमकी. याचा तुमच्या अभ्यासांत काही हिशेब आहे का सर?

आणि हो, साऱ्या महाराष्ट्राच्या आदिवासी विकासाचं आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. तिथल्या पायऱ्यांवर मी शिष्यवृत्तीसाठी किती वेळा बसले, मोजलं नाही.

---

गंगापूररोडकर | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

ताई, तुमच्या प्रश्नाचा हिशेब या अभ्यासांत सापडत नाही. सगळी मोजणी जिथे संघर्ष आहे तिथलीच. शांत राहिलेल्या गरीब तालुक्याला शांत राहिल्याचं काय मिळालं, हा स्तंभच नाही. मीही तो काढला नव्हता, हे कबूल.

एक भर घालतो. आपल्या महाराष्ट्राने रोजगार हमी शोधली ती नक्षलवादासाठी नव्हेच. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा झाला. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून. आणि फेत्झर यांचा २०२० चा निबंध देशभरातल्या रोहयोबद्दल जे सांगतो ते मला याच जातीचं वाटतं: पाऊस चुकला की नक्षली हिंसा वाढायची ही साखळी रोहयोनंतर ढिली पडली. म्हणजे चांगल्या वर्षी वाटलेला पैसा नव्हे, वाईट वर्षी दार उघडं असणं.

---

खरंबोलणारा | २२ नोव्हेंबर, रात्री ८.०२

[प्रतिसाद संपादित. धाग्यावरच्या सदस्यांना शहरी नक्षल वगैरे शिक्के मारू नयेत. पुन्हा झाल्यास खातं गोठवलं जाईल. – चावडी व्यवस्थापन]

---

खडी_आणि_डांबर | २३ नोव्हेंबर, पहाटे ५.३०

सर, तुमचा फिलिपिन्सचा परिच्छेद काल तीनदा वाचला. ‘तयारीच्या बैठका चालू असताना.’ झोप लागली नाही म्हणून लिहितोय. लांब होईल.

मी मूळ निफाडचा. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. नव्वदच्या दशकात एटापल्ली तालुक्यात साडेतीन वर्षं काढली. तेव्हा गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा. ओळखीपाळखीची माणसं मुंबईला जाऊन ती रद्द करून आणायची. मला ओळख नव्हती.

एक नऊ किलोमीटरचा रस्ता मंजूर झाला. मातीकाम, मोऱ्या, खडीकरणाचे दोन थर. निविदा निघायची होती. मी, एक मैलकुली आणि टेप धरायला गावातला एक पोरगा असे आखणीला गेलो. पोरगा अठरा-एकोणीसचा, दहावीत गेलेला, भारी उत्साही. माडियातून मराठीत तोच मला सगळं सांगायचा. चुना टाकला, खुंट्या ठोकल्या, दोन दिवसांनी परत आलो.

आठवड्याने कळलं. रात्री दादा लोक, म्हणजे नक्षली आले, पोराला घरातून बाहेर काढलं आणि गावासमोर विचारलं. टेप तू का धरलास? साहेब कुणाच्या घरी जेवला? काय काय विचारत होता? मग लाठ्यांनी मारलं. जीव राहिला, पण उजवा हात कोपरात परत सरळ झाला नाही.

तोवर रस्त्याचा एक खडा पडला नव्हता. सरकारचा एक रुपया गावात आला नव्हता. बातमी तेवढी पोचली होती की पैसा येणार आहे. आणि त्यांना पैशाचं भय नव्हतंच, भय माझं होतं. म्हणजे अशा माणसाचं जो गावात दोन दिवस राहतो, पाणी मागतो, नावं विचारतो, आणि ज्याच्यामागून पुढे रोलर येतो आणि रोलरमागून पोलिसांची गाडी. बंदी घालायची तर ती काम सुरू व्हायच्या आधीच घालावी लागते. एकदा रस्त्यावरून बाळंतीण दवाखान्यात गेली की मग रस्त्याच्या विरोधात बोलणं त्यांनाही जड जातं. आखणी करणारा सगळ्यांत स्वस्त पडतो. २०११ साली ओडिशातल्या मलकानगिरीचे कलेक्टर विकासकामं बघायला जलाशयापलीकडे गेले तिथून उचलले गेले, ते सगळ्यांना आठवतं. त्यांच्याबरोबर एक कनिष्ठ अभियंताही उचलला होता. तो कुणाला आठवत नाही, मला आठवतो.

आता पैशाची दुसरी बाजू. ‘ते’ विकास सरसकट थांबवत नाहीत, त्यावर जगतातही. तेंदूपत्त्याच्या हंगामात पोत्यामागे, बांबूच्या गाडीमागे, रस्त्याच्या किलोमीटरमागे वसुली. अंदाजपत्रकात त्याचा रकाना नसतो, तो मुरमाच्या थरात जिरतो. सहा इंच कागदावर, चार इंच जमिनीवर, आणि दोन इंच कुठे गेले ते अर्धे ठेकेदाराला माहीत, अर्धे जंगलाला. अफगाणिस्तानातही ट्रकवाले वाटेवर असंच ‘संरक्षण’ विकत घेत होते असं २०१० साली अमेरिकी संसदेच्या चौकशीत निघालं, २१६ कोटी डॉलरच्या वाहतूक कंत्राटात. वाचलं तेव्हा मला नवल वाटलं ते आकड्याचं, प्रकाराचं नाही. ज्याचं पटत नाही त्याची यंत्रं जळतात. सूरजागडला २०१६ च्या डिसेंबरात खाणीच्या कामावरच्या सत्तर-ऐंशी गाड्या एका रात्रीत जाळल्या. ती खासगी खाण होती, विकासनिधी नव्हे, पण पद्धत तीच. आणि १ मे २०१९ आठवा. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं पेटवली. दुसऱ्या दिवशी जांभुळखेड्याजवळ सुरुंगात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. रस्त्याचं काम हे त्यांच्यासाठी आमिषही होतं.

म्हणून सरांच्या पहिल्या मित्राला सांगा, रस्ता हवाच. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की शंभरावर गावं तुटतात, ते मी भोगलंय. पण ‘चाळीस वर्षांपूर्वी केला असता तर’ असं म्हणताना टेप कोण धरणार होतं, तेही सांगा.

---

सुरगाण्याची_लेक | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

काका, त्या मुलाचं पुढे काय झालं?

---

खडी_आणि_डांबर | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

खात्यात रोजंदारीवर घ्या म्हणून दोनदा लिहिलं. उत्तर आलं, मस्टरवर नाव नाही. नव्हतंच. मंजुरीआधीची आखणी, त्याची दोन दिवसांची मजुरी मी खिशातून दिली होती. कागदावर तो तिथे नव्हताच.

---

तोफखाना_देवळाली | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

साहेब, सलाम. अफगाणिस्तानातला इराण सीमेकडचा झरंज-देलाराम रस्ता, २१८ किलोमीटर, आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला. २००५ मध्ये त्यांच्या एका चालकाला तालिबानने पळवून मारलं. आम्ही फौजी तोफा मोजतो, टेप धरणारे मोजत नाही. मान्य.

पण माझा मुद्दा यातून पक्काच होतो ना? चौकी असती तर पोराला हात लावला नसता.

---

सुरगाण्याची_लेक | २३ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

चौकी असती तर पोराला पोलिसांनीही विचारलं असतं, काका. रात्री कोण आलं होतं, त्यांना भात कुणी दिला. गावाचं दोन्ही बाजूंनी तेच होतं. नक्षल्यांना गावबंदीचा ठराव करा, गावाला विकासनिधी मिळेल, अशीही योजना आहेच. ठरावावर सह्या कुणाच्या? गावातल्यांच्याच. निधी मिळाल्यावर सह्यांचा कागद कुणाच्या नजरेला पडतो हे कुणी बघितलं?

मला वेगळं उदाहरण द्यायचंय. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले. पैसा आला तो कुणी दिला म्हणून नाही, त्यांच्याच बांबूचा आला. सगळ्या गावाचा. त्यात एकट्याने टेप धरायचा प्रश्न येत नाही, कारण सगळेच धरतात. हेमलकशाचा दवाखाना १९७३ पासून त्याच जंगलात चालू आहे, तिथे औषध देताना कुणाकडून ठराव लिहून घेत नाहीत.

---

आकडेमोड | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

ताई, हा मुद्दा निबंधांच्या भाषेतही बसतो. सेक्सटन यांनी २०१६ साली अफगाणिस्तानातला अमेरिकी कमांडरांचाच खर्च तपासला. जिथे सरकारी बाजूचा ताबा पक्का होता तिथे हल्ले घटले, जिथे ताबा दोलायमान होता तिथे त्याच पैशाने वाढले. खडी-डांबर काकांचं गाव दुसऱ्या प्रकारातलं. ना धड इकडे, ना धड तिकडे. त्यामुळे इथे तोफखाना काका बरोबर आहेत असं म्हणावं लागेल.

पण ‘थेट आईच्या खात्यात’ आणि ‘गावात बैठक, मग काम’ या दोन प्रकारांतला फरक ताईंच्या बाजूने जातो. खात्यातला पैसा अडवायला कुठे सुरुंग पेराल? त्याला रस्ता नाही, ठेकेदार नाही, उद्घाटनाचा फलक नाही, सही करणारा एकटा माणूस नाही. पूल मात्र एकाच जागी असतो. मलकानगिरीचा गुरुप्रिया पूल ९१० मीटरचा, कितीदा ठेकेदार पळून गेले, शेवटी बंदोबस्तात २०१८ च्या जुलैत खुला झाला.

अर्थात गडचिरोलीत बँक चाळीस किलोमीटरवर असेल तर ‘थेट खात्यात’ हाही विनोदच.

---

गंगापूररोडकर | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

मी धागा काढला तेव्हा ‘किती पैसा’ हा प्रश्न डोक्यात होता. आता वाटतं, तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा. अमेरिकेच्या अफगाणिस्तान पुनर्बांधणी महानिरीक्षकांचा २०१८ चा अहवाल आहे. ‘स्थिरीकरणा’वर ४७० कोटी डॉलर गेले आणि त्यांचा तक्रारीचा सूर असा की जिथे सर्वांत जास्त धोका तिथेच सर्वांत घाईने सर्वांत जास्त पैसा ओतला, खर्च झाला म्हणजे काम झालं असं धरलं. मार्चअखेर निधी संपवणारं कुठलंही खातं डोळ्यांसमोर आणा.

---

मिसळ_आणि_मठ्ठा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१२

मार्चअखेरवरून आठवलं, नक्षलवाद संपवायची मुदतही ३१ मार्चच आहे ना? २०२६. खर्च शिल्लक राहायला नको.

---

फौजदाराची_आई | २३ नोव्हेंबर, रात्री ९.५५

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. नाशिकरोडला राहते. माझा मुलगा त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतून फौजदार झाला, गडचिरोलीतल्या एका पोलीस मदत केंद्रावर आहे. तुमचे निबंध मला कळले नाहीत, पण टेप धरणाऱ्या मुलाचं वाचून पोटात गोळा आला.

त्यांच्याकडे दादालोरा खिडकी म्हणून आहे. जातीचे दाखले, आधार, बियाणं, शिवणयंत्र, सगळं पोलीस ठाण्यातूनच. दादालोरा म्हणजे मोठा भाऊ, असं तो सांगतो. तो गावोगाव जाऊन अर्ज भरून आणतो. फोटो पाठवतो, म्हाताऱ्या हसत असतात. मला वाटायचं, किती चांगलं काम. अभियंता साहेब, तुम्ही त्या भागात राहिलात. मी त्याला काय सांगू?

---

खडी_आणि_डांबर | २३ नोव्हेंबर, रात्री १०.४०

ताई, काम चांगलंच आहे. दाखला मिळाला की पोरगं वसतिगृहात जातं. आता दिवसही बदललेत, माझ्या वेळचं जंगल राहिलं नाही. मुलाला एवढंच सांगा.

अर्ज गोळा करायचे तर घरी बसून नको, शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत. एकाच घरी जेवू नको, एकाच घरी चहापाणी नको. दुभाष्या दर वेळी तोच नको. फोटोत कुणाचा चेहरा ओळखू येईल असा मोबाइलवर पुढे पाठवू नको, आईलाही नको. आणि ज्याला मजुरी दिली त्याचं नाव मस्टरवर घाल, काहीही झालं तरी.

---

सुरगाण्याची_लेक | २३ नोव्हेंबर, रात्री ११.०५

आणि म्हाताऱ्यांना विचारायला सांगा की शिवणयंत्र हवंय का. बरेचदा हवा असतो विहिरीला कठडा.

---

फौजदाराची_आई | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

काल रात्री फोन लागला. सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, आई, यातलं बरंच आम्हाला शिकवलंय. कठड्याचं मात्र विचारतो म्हणाला. फोटो पाठवणं बंद केलं, मला जरा वाईट वाटलं.

एकाच घरी चहाचं सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पण आई, साखर त्या एकाच घरात असते.’